दारावरची पिवळी चिठ्ठी

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कुठल्याही एसयूव्हीचा ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा उघडा आणि चौकटीच्या खांबाकडे बघा. तिथे टायरच्या दाबाचं एक स्टिकर असतं. त्यावर पिवळ्या पट्टीत लिहिलेलं असतं, की माणसं आणि सामान मिळून अमुक किलो, म्हणजे अमुक पौंड, यापेक्षा जास्त वजन या गाडीत कधीही असू नये. चार-पाच वर्षं गाडी वापरणाऱ्यांनीही ते वाचलेलं नसतं. एरवी त्यामुळे फारसं बिघडत नाही. पण गाडीमागे आठ-नऊ मीटर लांबीचं चाकांवरचं घर जोडायचं असेल, तर सगळा हिशेब याच ओळीपासून सुरू होतो.

आमच्या कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या मराठी घरांत गेल्या काही वर्षांत ट्रॅव्हल ट्रेलरचं वेड चांगलंच पसरलं आहे, आणि मला ते मनापासून आवडतं. उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आलेले असतात, मुलांना सुट्टी असते. योसेमिटी किंवा यलोस्टोनला जाताना स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःचं अंथरूण आणि मुख्य म्हणजे स्वतःचं स्वच्छतागृह बरोबर असावं असं कुणाला वाटणार नाही? गाडी तीन रांगांची, दमदार. माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, ‘ओढण्याची क्षमता ८,००० पौंड’. ट्रेलरच्या पत्रकात वजन ५,५०० पौंड. विक्रेता म्हणतो, आरामात ओढेल. ओढेल हे खरंच आहे. पण गाडीला ट्रेलर नुसता ओढायचा नसतो, त्याचा काही भार स्वतःच्या पाठीवर घ्यायचा असतो. तो भार आणि घरातली माणसं यांना मिळून जागा एकच, पिवळ्या चिठ्ठीत लिहिलेली.

ते ८,००० पौंड येतात कुठून, हे समजून घेण्यासारखं आहे. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने हा आकडा ठरवत असे. मग अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने ‘जे २८०७’ नावाचं प्रमाण आखलं. टोयोटाने ते २०११ च्या मॉडेलांपासून सर्वांत आधी स्वीकारलं, बाकीच्या बड्या कंपन्या पुढच्या काही वर्षांत आल्या. या चाचणीतला एक घाट ॲरिझोनात आहे. कोलोरॅडो नदीवरच्या डेव्हिस धरणाजवळून निघणारा हा रस्ता अकरा मैलांहून जास्त अंतर चढतच राहतो. उन्हाळ्यात, १०० फॅरनहाइटच्या वर तापमान असताना, एसी पूर्ण जोरात चालू ठेवून, ट्रेलरसकट ताशी किमान ४० मैल वेगाने तो चढावा लागतो. शिवाय १२ टक्के चढावर थांबून पुन्हा पुन्हा निघून दाखवावं लागतं. चाचणी खडतर आहे आणि प्रामाणिकही आहे. फक्त तिच्यात गाडीत बसलेले असतात दोघं, प्रत्येकी ६८ किलोचे. आजी-आजोबा, दोन मुलं, त्यांच्या सायकली आणि डिकीतला बर्फाचा खोका त्या आकड्यात धरलेला नाही.

आता कागद-पेन्सिल घेऊ. नमुन्यादाखल समजा, चिठ्ठीवर ६५८ किलो, म्हणजे १,४५० पौंड लिहिले आहेत. आई, वडील, आजी, आजोबा आणि दोन शाळकरी मुलं मिळून ३५५ किलो. डिकीतलं सामान ६० किलो. झाले ४१५. उरले २४३.

ट्रेलर कोरा २,५०० किलोचा, म्हणजे पत्रकातल्या ५,५०० पौंडांचा. भांडी, अंथरुणं, गॅसच्या टाक्या, बॅटरी, थोडं पाणी, किराणा, घडीच्या खुर्च्या भरून तो रस्त्यावर येतो तेव्हा सहज ३,०८० किलो होतो. यातला १० ते १५ टक्के भार पुढच्या दांड्यावरून गाडीच्या हिचवर, म्हणजे मागच्या जोडणीवर, पडायला हवा. याला टंग वेट म्हणतात. १३ टक्के धरले तर ४०० किलो. वजन विभागणारं हिच स्वतःच ४० किलोचं. म्हणजे गाडीवर ४४० किलोची भर, आणि जागा होती २४३ ची. जवळजवळ २०० किलो जास्त झाले, तेही ओढण्याच्या क्षमतेच्या कितीतरी आत राहून. उलट बाजूने गणित केलं तर या कुटुंबाला, याच गाडीने, भरलेल्या अवस्थेत सुमारे १,५६० किलोचाच ट्रेलर न्यायला हवा. गाडीच्या पत्रकातल्या ओढण्याच्या क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी!

मी हे मांडत होते तेव्हा सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, मग आम्ही दोघं मागच्या घरातच बसतो की. पलंग आहे, खिडकी आहे. तुझं गाडीतलं वजनही कमी होईल.”

“नाही आई, चालत्या ट्रेलरमध्ये कुणीच बसायचं नसतं.”

कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांत ते बेकायदा आहे, आणि कायद्याने चालत असतं तरी मी बसू दिलं नसतं. आत सीटबेल्ट नसतात, भिंती पातळ असतात आणि कपाटं जोरदार ब्रेकला जागेवर राहतीलच असं नाही.

मग दुसरा मोह होतो, टंग वेटच कमी करण्याचा. जड सामान मागच्या कोपऱ्यात ढकललं की पुढचा दांडा हलका होतो आणि आकडे जुळतात. हा सगळ्यात घातक उपाय आहे. बैलगाडी ज्यांनी भरली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचलू लागतं. ट्रेलर उलाळ झाला, की वेगात तो शेपटासारखा डावी-उजवीकडे झुलायला लागतो. शेजारून मोठा ट्रक गेला, वाऱ्याचा झोत आला, उतार लागला की झोके सुरू होतात. ठरावीक वेगाच्या खाली ते आपोआप विरतात, त्याच्या वर मात्र प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो आणि शेवटी मागचा ट्रेलर पुढच्या गाडीला फिरवून टाकतो. म्हणून जड वस्तू चाकांच्या आसपास, किंचित पुढे, जमिनीलगत ठेवायच्या. सायकलींचा स्टँड मागच्या बंपरवर लावणं हीसुद्धा याच दृष्टीने वाईट सवय आहे.

१९५४ साली ‘द लाँग, लाँग ट्रेलर’ नावाचा एक चित्रपट आला होता, व्हिन्सेंट मिनेली यांचा, ल्युसिल बॉल आणि डेसी आर्नेझ यांचा. त्यातली नवी नवरी प्रवासात आठवण म्हणून दगड गोळा करून ट्रेलरमध्ये ठेवते आणि पुढे डोंगराच्या रस्त्यावर ते दगड जिवावर बेततात. आपल्या घरात दगडांची जागा कुकर, बिडाचा तवा, दहा किलो तांदूळ, कणीक, मिक्सर आणि लोणच्याच्या बरण्या घेतात. यातलं काही नेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण मोजून न्या. पाणी मात्र तिथे पोचल्यावर भरा. ४० गॅलनची टाकी म्हणजे १५० किलो, आणि टाकी चाकांच्या मागे असेल तर ती भरल्यावर टंग वेट घटतं. पत्रकातलं ‘कोरं वजन’ हे कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या रिकाम्या ट्रेलरचं असतं, तुमच्या संसाराचं नव्हे.

अंदाज सोडून खरं वजन कळण्याची सोय हायवेवरच आहे. मोठ्या ट्रक थांब्यांवर ‘कॅट स्केल’चे वजनकाटे असतात. ट्रकचालकांसाठी आहेत, पण आपल्यालाही चालतात आणि खर्च किरकोळ असतो. काट्याचे तीन तुकडे असतात. पुढची चाकं पहिल्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर अशी गाडी उभी करायची, खांबावरचं बटण दाबून आतल्या माणसाला सांगायचं, आणि दुकानातून छापील चिठ्ठी घ्यायची. वजन तीनदा करावं: नुसती गाडी, ट्रेलर जोडून पण वजन विभागणाऱ्या हिचचे बार न ताणता, आणि बार ताणून. वरच्याच नमुन्याच्या गाडीत पुढच्या चाकांवर ट्रेलरशिवाय १,३८० किलो असतील तर बार न ताणता ट्रेलर जोडल्यावर १,२१० उरतात. मागचा बंपर दबला तो दिसतो, पण पुढची चाकं १७० किलोंनी हलकी झाली हे डोळ्यांना कळत नाही. गाडी वळवणारी चाकं तीच, आणि ब्रेकचा मोठा वाटाही त्यांचाच. वजन विभागणाऱ्या हिचचे पोलादी बार हाच भार थोडा पुढच्या आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर परत ढकलतात. किती परत यायला हवा ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. एक गोष्ट ठाम सांगते: हे हिच वजनाची वाटणी सुधारतं, गाडीची मर्यादा वाढवत नाही.

ट्रेलरला स्वतःचे विजेवर चालणारे ब्रेक असतात. ते चालवणारा कंट्रोलर एसयूव्हीत असतो किंवा बसवून घ्यावा लागतो. त्याला हाताने दाबायची एक छोटी कळ असते. गाडीत बसल्यावर डोळे मिटून तिच्यावर बोट गेलं पाहिजे, इतकी ती ओळखीची करून घ्या. सुरक्षा साखळ्या दांड्याखाली फुलीसारख्या अडकवायच्या. जोड तुटल्यास ट्रेलरचे ब्रेक आपोआप लावणारी बारीक तार त्या साखळ्यांत न गुंतवता गाडीला स्वतंत्र अडकवायची.

टायरकडे बघताना जाडीपेक्षा वय बघा. बाजूवर ‘डॉट’ या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. ट्रेलर वर्षातले दहा-अकरा महिने उन्हात उभा असतो. त्याचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, म्हणून पाच-सहा वर्षांनी ते बदलायचेच. हवा रोज सकाळी, टायर थंड असताना तपासायची.

वेगाबद्दल फारशी चर्चा करण्यासारखं काही नाही. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे. जिथे कायदा जास्त वेग देतो तिथेही ६० च्या वर जाण्याचं कारण मला दिसत नाही. ट्रेलरचे अनेक टायर ६५ पर्यंतच्याच वेगासाठी बनवलेले असतात. झोके सुरू झालेच तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, गाडीचा ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग सरळ धरा, झोक्याच्या उलट फिरवू नका, आणि कंट्रोलरची ती छोटी कळ हाताने दाबा. एकट्या ट्रेलरचे ब्रेक लागले की तो मागून ताणला जातो आणि सरळ होतो. नंतर थांबून सामान पुढे सरकवा. तसंच पुढे जाऊ नका.

घाट चढण्याची काळजी सगळे करतात. कोलोरॅडोत आयझेनहॉवर बोगद्याशी आय-७० हा हायवे ११,००० फुटांच्या वर पोचतो. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे तिथे एक तृतीयांश गेलेली असते. गेली तर गेली, उजवीकडच्या लेनमधून ट्रकांच्या मागे सावकाश जावं. खरी परीक्षा उतारावर असते. लॉस एंजेलिसहून उत्तरेला येताना ग्रेपव्हाइनचा उतार सहा टक्के आहे. तिथे ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर तापून ब्रेकची पकड जाते. माथ्यावरच वेग कमी करायचा, खालचा गिअर टाकायचा आणि इंजिनला गाडी धरू द्यायची. वेग वाढला तर ब्रेक एकदा नीट दाबून वेग खाली आणायचा आणि पाय उचलायचा.

ट्रेलर मागे घ्यायला मोकळ्या पार्किंगमध्ये शिका. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. ट्रेलरचं मागचं टोक ज्या बाजूला न्यायचं, त्या बाजूला हात न्या. शंका आली की उतरून बघा.

राहता राहिली ती सहा माणसांची आणि ६५८ किलोंची अडचण. वाटा आहेत. छोटा ट्रेलर घेऊन मुलांसाठी बाहेर तंबू टाकता येतो. घरात दुसरी गाडी असेल तर आजी-आजोबा आणि सामान तिच्यातून येऊ शकतं. काही लांब एसयूव्हींची चिठ्ठी जास्त उदार असते, पण एकाच मॉडेलमध्येही सनरूफ, मोठी चाकं आणि फोर व्हील ड्राइव्हमुळे आकडा शंभर किलोंनी बदलू शकतो. म्हणून विकत घेण्याआधी नेमक्या त्याच गाडीचा दरवाजा उघडून वाचा. आणि वर्षातून एकदाच जायचं असेल तर ट्रेलर भाड्याने देणारे बरेच मालक तो स्वतः ओढून कॅम्पच्या जागेवर आणतात, समतल करून, वीज-पाणी जोडून किल्ली हातात देतात आणि मुक्काम संपला की घेऊन जातात. आई-बाबा बरोबर असतील तेव्हा मी हाच मार्ग सुचवते.