मण्यार, मच्छरदाणी आणि मुंबईतल्या मिळकती

सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाड्यांत पावसाळ्याच्या रात्री जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, आणि पुष्कळदा त्याला जागही येत नाही. दात इतके बारीक की खूण सापडत नाही, सूजही नाही. पहाटे पोटात दुखू लागतं, पापण्या जड होतात, जीभ अडखळते. विष मज्जातंतूंच्या टोकांनाच निकामी करतं, त्यामुळे मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचत नाही. माणसाला सगळं कळत असतं, पण छाती हलेनाशी होते.

आणि हा दंश टाळायला काय लागतं? अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी! नेपाळच्या तराईत साप चावलेल्या आणि न चावलेल्या माणसांची तुलना करून संशोधकांनी 2007 मध्ये हे दाखवून दिलं. डासांसाठी विणलेली जाळी सापालाही अडवते, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने अंदाजे 12 लाख माणसं गेली, बहुतेक खेड्यांतली. भातलावणीला चिखलात उतरणाऱ्या माणसाच्या अपघाताचा अभ्यास करून कुणाला नफा होत नाही. मग तो चालतो कुणाच्या पैशावर?

इथे दोन दानशूरांची गाठ पडते. जमशेदजी टाटांनी 1898 मध्ये एका विज्ञानसंस्थेसाठी मुंबईतल्या आपल्या मिळकती देऊ केल्या. ते 1904 मध्ये गेले, संस्था बंगळुरूत 1909 मध्ये उभी राहिली. दुसरे हेन्री वेलकम, औषधांच्या धंद्यात लंडनमध्ये श्रीमंत झालेले. 1936 मध्ये ते वारले आणि त्यांच्या मृत्युपत्रातून न्यास निघाला. त्याच न्यासाने 2019 मध्ये सर्पदंशासाठी 8 कोटी पौंड जाहीर केले.

टाटांच्या त्या संस्थेत आज कार्तिक सुनगर यांची प्रयोगशाळा विषांचा अभ्यास करते. एकाच जातीच्या सापाचं विष प्रांताप्रांतात वेगळं असतं, हे अशा अभ्यासांतून उघड झालंय. आपल्याकडचं सर्पदंशावरचं प्रतिविष मात्र मुख्यतः तमिळनाडूत काढलेलं विष घोड्यांना टोचून बनतं. म्हणजे सह्याद्रीतल्या घोणशीवर ते किती चालेल, हे इथल्या घोणशीचं विष तपासल्याशिवाय सांगता येत नाही. त्या तपासणीला वर्षं लागतात, माणसं लागतात, पैसा लागतो.

रुग्णाला दिलेली मदत एका जिवाला लागते, आणि ती द्यायलाच हवी. संशोधनाला दिलेली मदत अजून न जन्मलेल्यांनाही पोचते, तीही दात्याचं नाव ठाऊक नसताना. यंदा देणगीचा विचार करताना विद्यापीठातल्या, विज्ञानसंस्थेतल्या अशा एखाद्या कामाची चौकशी करा, रक्कम लहान असली तरी पाठवा. आणि गावाकडे जाताना दोन मच्छरदाण्या घेऊन जा.