भुताचा नव्हे, मेंदूचा आजार

घरात कुणाला ताप आला तर आपण त्याला दवाखान्यात नेतो. हात मोडला तर प्लॅस्टर घालून आणतो. परंतु विशी-बाविशीतला मुलगा रात्र रात्र जागू लागला, एकटाच पुटपुटू लागला, 'शेजारचे माझ्यावर पाळत ठेवतात, जेवणात काहीतरी घालतात' असे म्हणू लागला, तर आपली पावले दवाखान्याकडे वळतात काय? बहुधा नाही. कुणी म्हणते, बाहेरची बाधा आहे. कुणी म्हणते, करणी केली. मग या गावचा भगत, त्या गावचा मांत्रिक, असे करता करता वर्ष-दोन वर्षे निघून जातात. पतपेढीचे कर्ज होते, आईच्या गळ्यातली पोत मोडावी लागते आणि मुलगा होता त्याहून अधिक बिघडतो.

वाचकहो, ज्या घरांनी १९५६ नंतर देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले, त्या घरांतही या एका आजाराच्या वेळी मागच्या दाराने अंगारा येतो. यात कुणाला दोष देण्याचा हेतू नाही. आईबाप घाबरलेले असतात आणि घाबरलेल्या माणसाला जो पहिला धीर देतो, त्याच्यावर त्याचा विश्वास बसतो. म्हणूनच या आजाराची माहिती, आजार येण्याच्या आधीच घरात असली पाहिजे.

आजार ओळखावा कसा?

या आजाराला डॉक्टर 'स्किझोफ्रेनिया' म्हणतात. मराठीत 'छिन्नमनस्कता' असा शब्द आहे. साधारणपणे शंभर-दीडशे माणसांत एकाला तो आयुष्यात केव्हातरी होतो. म्हणजे प्रत्येक मोठ्या वस्तीत असे एखादे तरी घर असतेच. फक्त ते घर बोलत नाही. मुलांमध्ये हा आजार बहुधा अठरा ते पंचवीसच्या दरम्यान सुरू होतो, मुलींमध्ये थोडा उशिरा.

रुग्णाला कुणी नसताना आवाज ऐकू येतात. ते आवाज त्याला नावे ठेवतात, हुकूम करतात. हे नाटक नसते. त्याला ते तुमच्या-आमच्या बोलण्याइतकेच खरे ऐकू येतात. मनात पक्के संशय बसतात आणि कितीही समजावले तरी हलत नाहीत. बोलण्याचा धागा तुटतो. पण त्याच्याही आधी महिनोन् महिने काही गोष्टी घडत असतात, त्या आपल्या ध्यानात येत नाहीत. मुलगा मित्रांत जाईनासा होतो, अभ्यासातून उतरतो, आंघोळ टाळतो, दिवसा झोपतो आणि रात्री फिरतो. आपण म्हणतो, आळशी झाला, माजला. ही लक्षणे महिनाभर टिकली तर डॉक्टरांना दाखवावे.

कारणे कोणती?

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते काही रसायनांच्या मार्फत. त्यांतील डोपामीन नावाच्या रसायनाचे काम या आजारात बिघडलेले असते. ते का बिघडते, याचे एकच एक उत्तर नाही. काही भाग रक्तातून येतो. आई किंवा बाप यांपैकी एकाला हा आजार असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण दहात एक असते. याचाच अर्थ, अशा दहांपैकी नऊ मुलांना तो होत नाही. जुळ्या भावंडांत, अगदी एकाच बीजापासून झालेल्या, एकाला आजार झाला तरी दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्मी किंवा त्याहून कमी असते. तेव्हा 'यांच्या घराण्यातच वेड आहे' असे म्हणणे शास्त्राला धरून नाही.

बाकीचा भाग माणसाच्या जगण्यातून येतो. आईच्या गरोदरपणातले कुपोषण, बाळंतपणात बाळाला झालेली इजा, कोवळ्या वयात गांजाचे व्यसन, लहानपणी सोसलेली मारहाण, ही त्यांतील काही कारणे. आणखी एक कारण आपण विशेष लक्षात घ्यावे. कॅरिबियन बेटांवरून इंग्लंडमध्ये गेलेल्या काळ्या कुटुंबांत या आजाराचे प्रमाण तिथल्या गोऱ्यांच्या कित्येक पट आढळले. त्याच लोकांच्या मूळ बेटांवर मात्र ते तेवढे नव्हते. मग दोष रक्ताचा कसा? परक्या समाजात वाट्याला येणारा भेदभाव, अपमान आणि एकटेपणा यांकडे संशोधक बोट दाखवतात. अपमान केवळ मनाला लागत नाही, तो माणसाला आजारी पाडू शकतो, हे आपल्याला कुणी वेगळे सांगायला नको.

आणि भुताचे म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेने १९६०च्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांत या आजाराचा अभ्यास सुरू केला. त्यात लंडन होते, मॉस्को होते, आफ्रिकेतील इबादान होते आणि आपले आग्राही होते. सगळीकडे मुख्य लक्षणे सारखीच निघाली. आपल्या पिंपळावरचा मुंजा मॉस्कोला कसा पोचला, याचे उत्तर कोणत्याही भगताने द्यावे!

घराची होणारी ओढाताण

आजार एकाला होतो, पण राबते सगळे घर. रात्री तो जागा म्हणून सगळे जागे. एका खोलीच्या घरात दुसरी खोलीच नसते, मग धाकट्यांचा अभ्यास बुडतो. कामावर दांड्या पडतात आणि रोजंदारीवर असेल त्याचे काम जाते. त्याला एकटे सोडता येत नाही म्हणून कुणीतरी घरी राहायचे. ते कुणीतरी बहुतेक वेळा आई असते, बहीण असते किंवा बायको. बहिणीची शाळा सुटते. सोयरीक मोडेल या भीतीने आजार लपवला जातो आणि लपवलेल्या आजारावर उपचार होत नाहीत.

'लग्न करून द्या, सुधारेल' हा सल्ला तर सर्रास दिला जातो. लग्न हे औषध नव्हे. आजार लपवून केलेल्या लग्नात दुसऱ्या घरची लेक फसवली जाते. आणि सून आजारी पडली तर तिला माहेरी धाडून द्यायचे, मुलगा आजारी पडला तर सुनेच्या पायगुणाला बोल लावायचा, हा कुठला न्याय?

औषधाने काय होते?

१९५२ साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझीन हे या आजारावरचे पहिले परिणामकारक औषध वापरात आले. त्यापूर्वी कोंडून ठेवण्यापलीकडे फारसे काही हातात नव्हते. आज रिस्पेरिडोन, ओलान्झापीन, हॅलोपेरिडॉल अशी अनेक औषधे आहेत. गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी बरे वाटत नाही. चांगला फरक पडायला बहुधा दोन ते सहा आठवडे लागतात. अनेकांना औषधांनी आराम पडून ते कामधंद्याला लागतात. काहींना आयुष्यभर औषध घ्यावे लागते, जसे मधुमेहाला घ्यावे लागते.

खरी चूक होते ती पुढे. मुलगा चांगला झोपू लागला, आवाज थांबले, की घरचे म्हणतात, 'आता गोळ्या कशाला? सवय लागेल.' या गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही. औषध अचानक बंद केले की काही महिन्यांत आजार पुन्हा उलटण्याचा धोका फार मोठा असतो आणि दर वेळी सावरणे कठीण होत जाते. हात थरथरणे, अंग आखडणे, झोप येणे, वजन वाढणे असे त्रास या औषधांनी होऊ शकतात. ते डॉक्टरांना सांगावेत, ते मात्रा किंवा औषध बदलून देतात. जो गोळ्या थुंकून टाकतो त्याच्यासाठी दोन आठवड्यांनी किंवा महिन्याने घ्यायचे इंजेक्शनही आहे.

काही जण हितचिंतक म्हणून सांगतात, 'त्याला दहा दिवस विपश्यनेला पाठवा.' ध्यानाचे मोल मोठे आहे, परंतु गंभीर मानसिक आजार असलेल्यांना हे शिबिर करण्याची शिफारस करीत नाही, असे विपश्यना केंद्रांच्या नियमावलीतच म्हटले आहे. औषध सोडून शिबिराला पाठवणे म्हणजे रुग्णाला धोक्यात घालणे होय.

घराने काय करावे?

लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन यांनी इस्पितळातून घरी परतलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. ज्या घरांत सतत टोचून बोलणे, तिरस्कार किंवा नको तितकी काळजी होती, त्या घरांतले रुग्ण पुन्हा आजारी पडण्याचे प्रमाण अधिक निघाले. पुढे चंदीगडलाही असा अभ्यास झाला. तिथल्या कुटुंबांत टोचून बोलण्याचे प्रमाण लंडनपेक्षा कमी दिसले. आग्रा आणि इबादान येथील रुग्णही श्रीमंत देशांतील रुग्णांपेक्षा सरासरीने अधिक सावरलेले आढळले. यामागची कारणे काय, याविषयी तज्ज्ञांत वाद आहे. पण घराच्या बोलण्या-वागण्याला किंमत आहे, एवढे निश्चित. घरामुळे हा आजार होत नाही, परंतु तो आटोक्यात ठेवण्यात घराचा वाटा मोठा आहे.

तेव्हा माता-भगिनींनो आणि बंधूंनो, त्याच्या संशयावर वाद घालू नका आणि होकारही भरू नका. 'तुला भीती वाटते हे मला कळते, मी इथे आहे' एवढे म्हणा. आंघोळ, जेवण, झोप यांच्या वेळा ठरवून द्या. भाजी निवडणे, पाणी भरणे, दळण आणणे अशी झेपतील ती कामे त्याच्याकडे द्या. दारू-गांजापासून त्याला दूर ठेवा. पंचशीलातले पाचवे शील इथे औषधाइतकेच कामाचे आहे. गोळ्या वेळेवर देण्याची जबाबदारी एकाने घ्यावी, आणि त्या एकाला महिन्यातून दोन दिवस तरी इतरांनी मोकळीक द्यावी. तो मरणाच्या गोष्टी बोलू लागला तर 'धमकी देतो' म्हणून सोडून देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

कुठे जावे?

जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. कारखान्यातल्या कामगारांना ईएसआयचा लाभ घेता येतो. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. घरातून कुठे जावे हेच सुचत नसेल तर १४४१६ हा 'टेलिमानस'चा क्रमांक लावावा. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती मोफत आहे आणि मराठीतही मिळते.

तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी मनोरुग्णांना ठेवलेल्या झोपडीवजा जागेला आग लागली. साखळ्यांनी बांधलेले असल्यामुळे त्यांना पळता आले नाही. २८ जण मेले. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी घातली आहे, आणि भूल दिल्याशिवाय विजेचा शॉक देण्यासही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, दोराने बांधणे हा महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

आपल्या वस्तीत असे एखादे घर असेल तर त्याला सल्ले देत बसू नका. सोमवारी ओपीडीच्या रांगेत उभे राहायला त्या आईबरोबर जा. जमले तर तेवढा वेळ तिची लहान मुले आपल्या घरी बसवून घ्या.