अंदमानची सहल : बेटांचा क्रम आधी, हॉटेल नंतर

दरवर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास 'मान्सून अंदमानात दाखल' अशी बातमी झळकते आणि उकाड्याने हैराण झालेला महाराष्ट्र सुखावतो. मात्र त्याच आठवड्यात शाळांच्या सुटीचा मुहूर्त साधून अंदमानला गेलेल्या मराठी कुटुंबांसाठी या बातमीचा अर्थ अगदी निराळा असतो. समुद्र खवळलेला, बोटींचे वेळापत्रक विस्कटलेले आणि मुंबईकडे परतण्याचे विमान मात्र ठरल्या वेळीच सुटणारे! अंदमानची सहल आखताना हॉटेलच्या ताऱ्यांपेक्षा, न्याहारीतील पदार्थांपेक्षा आणि सवलतीच्या दरापेक्षाही एक गोष्ट महत्त्वाची ठरते. ती म्हणजे कोणत्या बेटावर कोणत्या दिवशी असावे, याचा हिशेब. नेमक्या याच गोष्टीविषयी सहल कंपनीच्या कार्यालयात सर्वांत कमी प्रश्न विचारले जातात.

बंगालच्या उपसागरातील अंदमान-निकोबार द्वीपसमूहात लहान-मोठी बेटे आणि खडक मिळून संख्या ८३६ भरते. त्यांपैकी मनुष्यवस्ती जेमतेम ३१ बेटांवर आहे. निकोबार बेटे सर्वसामान्य पर्यटकांसाठी खुली नाहीत. त्यामुळे सहल कंपन्यांच्या पत्रकातील 'अंदमान' म्हणजे प्रत्यक्षात दक्षिण अंदमानातील मुख्य शहर आणि त्याच्या आसपासची पाच-सहा बेटे. या ठिकाणांची नावे अलीकडच्या काळात बदलली असून पत्रकांमध्ये जुनी-नवी नावे सरमिसळ छापली जातात. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचे स्वराज द्वीप, नीलचे शहीद द्वीप, तर रॉस बेटाचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे नामकरण झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे नाव श्री विजयपुरम करण्याची घोषणा झाली. पत्रकात हॅवलॉक आणि स्वराज द्वीप ही दोन वेगवेगळी स्थळे म्हणून मोजलेली दिसली, तर ग्राहकाने सावध झालेले बरे.

या सहलीचे गणित समजून घ्यायचे तर आधी नकाशा डोळ्यांसमोर आणावा लागतो. विमान उतरते ते श्री विजयपुरमच्या वीर सावरकर विमानतळावर. तेथून स्वराज द्वीप ईशान्येला सुमारे ४० किलोमीटरवर, आणि शहीद द्वीप त्याच्या जवळच. दोन्हीकडे जाण्याचा सर्वसामान्य मार्ग एकच, तो म्हणजे बोट. खासगी वेगवान बोटी स्वराज द्वीपला दीड-दोन तासांत पोहोचवतात. सरकारी बोटींना अधिक वेळ लागतो, पण त्यांचे भाडे बरेच कमी असते आणि डेकवर उभे राहून वारा खाता येतो. खासगी बोटींत प्रवास बंदिस्त, वातानुकूलित कक्षातून करावा लागतो. ज्यांना बोट लागते, त्यांच्यासाठी ही बाब लहान नाही. उघड्या हवेत क्षितिजाकडे पाहत केलेला प्रवास अनेकांना सुसह्य होतो. बंद काचेआड तोच प्रवास नकोसा वाटतो. मळमळीवरील औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने बोट सुटण्यापूर्वी घ्यावे लागते, त्रास सुरू झाल्यावर नव्हे.

खरी मेख परतीच्या दिवशी असते. अनेक आखण्यांमध्ये पहिले दोन दिवस श्री विजयपुरममध्ये, त्यानंतर दोन्ही बेटे आणि शेवटच्या दिवशी सकाळच्या बोटीने परत येऊन दुपारचे विमान, असा कार्यक्रम असतो. कागदावर तो नेटका दिसतो, कारण एकही रात्र 'वाया' जात नाही. परंतु बंदर खात्याने खराब हवामानामुळे बोटी रोखल्या की, हा नेटकेपणा क्षणात कोसळतो. चाळीस जणांच्या गटाची चाळीस विमान तिकिटे एकाच वेळी हातची जातात आणि ऐन हंगामात दुसऱ्या दिवशीच्या विमानात तितक्या जागा मिळणे केवळ अशक्य असते. याउलट मुख्य शहरात उतरल्यानंतर शक्य तितक्या लवकर लांबची बेटे उरकून शेवटच्या दोन रात्री पुन्हा शहरात घालवल्या, तर एक दिवस बोट चुकली तरी सहल सावरते. सेल्युलर जेल, रॉस बेट, चॅथमची लाकूड गिरणी ही स्थळे शेवटी पाहिली म्हणून काही बिघडत नाही. ती शहरातच किंवा शहराच्या पायथ्याशी आहेत.

ही भीती काल्पनिक नाही. डिसेंबर २०१६ च्या पहिल्या पंधरवड्यात अंदमानजवळ कमी दाबाचा तीव्र पट्टा निर्माण झाला, पुढे त्याचेच 'वरदा' चक्रीवादळ झाले. त्या वेळी हॅवलॉक आणि नील बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक काही दिवस अडकून पडले आणि त्यांना बाहेर काढण्यासाठी नौदलाच्या जहाजांना धाव घ्यावी लागली. जानेवारी २०१९ मध्ये 'पाबुक' वादळाच्या वेळीही बोटसेवा थांबवावी लागली होती. म्हणजे डिसेंबर-जानेवारी हा 'सर्वोत्तम हंगाम' असला, तरी तो निर्धोक आहे असे नाही. अंदमानचा समुद्र हे अनेक वादळांचे जन्मस्थानच आहे. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात समुद्र तुलनेने शांत असतो, पाणी नितळ असते आणि नाताळची झुंबडही ओसरलेली असते. महाराष्ट्रातील शाळांचे वेळापत्रक पाहता एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा हा मधला मार्ग. दमट उकाडा सोसावा लागतो, पण मान्सूनशी गाठ पडण्याची शक्यता कमी राहते.

म्हणूनच आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी सहल कंपनीला विचारायचा पहिला प्रश्न 'जेवण मराठी असेल का' हा नसावा. (ते बहुधा असतेच, आमरस-पुरीपर्यंत मजल जाते.) बोट रद्द झाल्यास जादा मुक्कामाचा खर्च कोणी सोसायचा, नव्या विमान तिकिटाचा फरक कोण भरणार, आणि हे सारे लेखी स्वरूपात मिळेल का, हा खरा प्रश्न. बहुतेक करारांत 'नैसर्गिक आपत्तीस कंपनी जबाबदार नाही' असे एक बारीक अक्षरांतील कलम असते. त्यावर उपाय म्हणून प्रवास विमा घेता येतो; मात्र त्यात हवामानामुळे प्रवास खोळंबल्याची भरपाई समाविष्ट आहे की फक्त रुग्णालयाचा खर्च, हे वाचून घ्यावे लागते. बोट खासगी की सरकारी, तिकिटे निश्चित झाली आहेत की 'उपलब्धतेनुसार', हेही विचारावे. मोठ्या गटाला एकाच बोटीत जागा मिळाली नाही, तर गट दोन भागांत विभागला जातो आणि सहल व्यवस्थापक मात्र एकाच बोटीत असतो. ज्येष्ठ नागरिक दुसऱ्या बोटीत असतील तर काय, याचे उत्तर आधीच ठरलेले असावे.

लहान बोटींच्या बाबतीत तर अधिकच दक्षता हवी. २६ जानेवारी २०१४ रोजी पोर्ट ब्लेअरनजीक पर्यटकांना घेऊन जाणारी एक बोट उलटली. तीत क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक माणसे होती. वीसहून अधिक जणांचा बळी गेला. तामिळनाडूतील पर्यटकांबरोबरच मुंबईचे काही प्रवासीही त्या बोटीवर होते. जीवरक्षक जाकीट अंगात घालून त्याचे बंद आवळलेले असावेत, ते बाकाखाली ठेवलेले असून उपयोग नाही. गटातील सर्वांना 'एकाच फेरीत आटपू' असा आग्रह सहलीत अनेकदा प्रवासीच धरतात. बोटवाल्याने दोन फेऱ्या सांगितल्या, तर ते ऐकलेले हिताचे.

अंदमानला निघताना घड्याळाकडेही वेगळ्या नजरेने पाहावे लागते. ही बेटे मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ वीस रेखांश दूर आहेत, पण घड्याळ तेच भारतीय प्रमाणवेळेचे. परिणामी डिसेंबरात तेथे सायंकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. स्वराज द्वीपावरील राधानगर किनारा पश्चिमाभिमुख असून सूर्यास्तासाठी विख्यात आहे. २००४ मध्ये 'टाइम' मासिकाने त्याला आशियातील सर्वोत्तम किनारा म्हटले आणि २०२० मध्ये त्याला 'ब्लू फ्लॅग' हे स्वच्छतेचे मानांकन मिळाले. दुपारी तीनच्या बोटीने बेटावर पोहोचून, हॉटेलात चहा-पाणी घेऊन निघालेल्या गटाला तेथे फक्त अंधार भेटतो. काळा पत्थर किनारा पूर्वेकडे, तेव्हा तो सकाळी पाहावा. शहीद द्वीपावरील नैसर्गिक खडकाची कमान आणि तिच्याभोवतीची प्रवाळांची डबकी ओहोटीच्या वेळीच नीट पाहता येतात. त्यामुळे पंचांगातील तिथी जशी पाहतात, तशी भरती-ओहोटीची वेळ पाहून तो कार्यक्रम ठरवावा लागतो. छापील पत्रकात 'सकाळी ९ वाजता' असे ठोकळेबाज लिहिलेले असेल, तर कंपनीने समुद्राला विचारलेले नाही हे उघड आहे.

पाण्याखालील जग पाहण्याचे आकर्षण मोठे असते. पोहता न येणाऱ्यांनाही प्रशिक्षकाच्या आधाराने स्कूबा डायव्हिंग करता येते. पण दमा, हृदयविकार, कानाचे विकार असणाऱ्यांनी अर्जातील आरोग्यविषयक रकान्यांत खोटे 'नाही' लिहू नये. दुसरी बाब विमानाची. पाण्याखाली श्वास घेताना शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो आणि तो पुरता बाहेर पडण्याआधी कमी दाबाच्या विमानात बसल्यास प्रकृतीला धोका संभवतो. स्कूबा आणि विमान यांत १८ ते २४ तासांचे अंतर राखावे. बेटे आधी, शहर शेवटी, या क्रमाचा हा आणखी एक फायदा.

वंडूरजवळील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ मध्ये स्थापन झाले. तेथील जॉली बॉय बेट प्रवाळांसाठी नावाजलेले आहे. वर्षातील काही महिने जॉली बॉय आणि उरलेले महिने रेड स्किन, असे आलटून पालटून ही बेटे खुली ठेवली जातात, जेणेकरून प्रवाळांना उसंत मिळावी. बेटावर धक्का नाही. मोठ्या बोटीतून लहान, काचेच्या तळाच्या होडीत उतरून किनारा गाठावा लागतो. गुडघेदुखी असणाऱ्यांनी याचा विचार आधी करावा. प्लास्टिक नेण्यास बंदी आहे, तसेच आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा वा शिंपला उचलून आणणे हा गुन्हा ठरू शकतो. अशी काही ठिकाणे आठवड्यातून एक दिवस, बहुधा सोमवारी, बंद असतात. तेव्हा आखणीत सोमवार कोठे पडतो, हे पाहून घ्यावे.

बाराटांगचा प्रश्न वेगळा आणि नाजूक आहे. चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचे ज्वालामुखी पाहण्यासाठी शहरापासून सुमारे शंभर किलोमीटर जावे लागते. त्यासाठी उत्तररात्रीच उठून जिरकाटांगच्या तपासणी नाक्यावर रांग लावावी लागते, कारण पुढचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो आणि वाहने ठरावीक वेळी, ताफ्यानेच सोडली जातात. २०११ च्या जनगणनेत जारवांची संख्या अवघी ३८० होती. त्यांचे छायाचित्र काढणे, त्यांना खाद्यपदार्थ देणे, वाहन थांबवणे हे सारे कायद्याने निषिद्ध आहे. २०१२ मध्ये जारवा स्त्रियांना पर्यटकांसमोर नाचवल्याची चित्रफीत उघडकीस आली, तेव्हा देशभर संताप व्यक्त झाला. जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मार्गावरील पर्यटन काही काळ थांबवलेही होते. तरीही 'वाटेत आदिवासी दिसतील' असे आमिष आडून-आडून दाखवणारे एजंट आढळतात. असे सांगणाऱ्याकडून सहल न घेणेच उचित. गुहा सुंदर आहेत, खाडीतील खारफुटीतून होणारा होडीचा प्रवास तर त्याहून रम्य. परंतु सहा दिवसांच्या सहलीत त्यासाठी पहाटे तीनपासूनचा अख्खा दिवस खर्ची पडतो आणि वयस्कर मंडळी दुसऱ्या दिवशी थकलेली असतात. बाराटांग वगळून तो दिवस राखीव ठेवणारी आखणी काही पर्यटकांना 'कमी स्थळांची' वाटते. प्रत्यक्षात तीच अधिक शहाणपणाची.

मराठी पर्यटकांच्या यादीत सेल्युलर जेल अर्थातच सर्वप्रथम असते. १८९६ ते १९०६ या काळात उभारलेल्या या तुरुंगाच्या सात शाखांपैकी आता तीनच उरल्या आहेत. १९७९ मध्ये त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा देण्यात आला. स्वातंत्र्यवीर सावरकर जुलै १९११ मध्ये येथे आणले गेले आणि मे १९२१ मध्ये त्यांना मुख्य भूमीवर हलवण्यात आले. त्यांचे थोरले बंधू बाबारावही याच तुरुंगात होते. सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, टोकाला आहे. 'माझी जन्मठेप' वाचून आलेल्यांना तेथे थांबावेसे वाटते, पण गटातील पन्नास जण एकाच वेळी त्या अरुंद सज्जात उभे राहिल्यावर ते जमत नाही. सायंकाळच्या ध्वनी-प्रकाश कार्यक्रमापूर्वी घाईघाईने चक्कर मारण्याऐवजी सकाळी, दार उघडताच जाण्याची सोय कंपनी करते का, हे विचारून घ्यावे. नसेल, तर मोकळ्या वेळेत स्वतंत्रपणे रिक्षाने जाणे अवघड नाही. तुरुंग शहरातच आहे.

ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली ऑप्टिकल फायबर केबल सुरू झाल्यापासून दूरसंपर्क पुष्कळ सुधारला आहे. तरी लांबच्या बेटांवर मोबाइलचा भरवसा धरू नये आणि रोख रक्कम जवळ ठेवावी. मोठे सरकारी रुग्णालय मुख्य शहरात आहे, बेटांवर सोयी मर्यादित आहेत. म्हणून नेहमीची औषधे सहलीच्या दिवसांपेक्षा तीन-चार दिवसांची अधिक घ्यावीत आणि ती बोटीच्या सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावीत.