अंगात कसर आहे

आजचा शब्द आहे 'कसर'. "ताप असा नाही, पण अंगात जरा कसर आहे," असं आपण घरात सहज म्हणतो. झाशीत हेच वाक्य हिंदीत नेलं की घोटाळा होतो. नारोशंकरांच्या काळापासून, म्हणजे अठराव्या शतकापासून, इथे मराठी घरं आहेत. घरात मराठी, बाजारात हिंदी. "बदन में कसर है," असं सांगितलं तर डॉक्टरांना वाटणार, काहीतरी कमी आहे!

त्यांचंही चुकत नाही. मूळ अरबी 'कस्र' म्हणजे मोडणं, तुकडा. त्यावरून उणीव हा अर्थ आला. हिंदी तिथेच थांबली. मराठीनं 'कसर ठेवली नाही' हा वापर तर घेतलाच, शिवाय तब्येतीतल्या उणेपणालाही तोच शब्द लावला. (कपड्यांना, पुस्तकांना लागते ती कसर वेगळी.) हिंदीत या अवस्थेला 'हरारत' म्हणतात. तोही शब्द अरबी, अर्थ उष्णता. म्हणून झाशीत डॉक्टरांना 'हरारत' सांगावं.

आता मराठीतले बारकावे पाहा. 'कणकण' म्हणजे ताप येण्याआधीची अंगदुखी आणि शिरशिरी. अंग अजून तापलेलं नसतं. 'कसर' म्हणजे हाताला जेमतेम जाणवणारा ताप, किंवा मोठा ताप उतरल्यावर मागे राहिलेला अंश. 'नरम' यात ताप असेलच असं नाही; उत्साह नसतो एवढंच. आणि 'बरं नाही' यात सगळंच बसतं, म्हणून त्यातून काहीच कळत नाही.

फौजेत किरकोळ दुखण्यावर शेरा मिळतो, 'मेडिसिन अँड ड्यूटी'. गोळी घ्या, कामाला लागा. कणकणीला तो ठीक आहे. पण जवान असो की घरातली सून, दुखणं लहान शब्दात गुंडाळायची आपल्याला सवय असते. संध्याकाळी येणारी बारीक कसर दोन आठवडे टिकली, सोबत खोकला असला किंवा वजन उतरत असलं, तर ती क्षयाची खूण असू शकते. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते.

तेव्हा शब्द 'कसर' वापरा, पण पुढे तीन गोष्टी जोडा: किती दिवस, कोणत्या वेळी, थर्मामीटरवर किती. मग सांगण्यात कसर राहणार नाही.

जय हिंद.