पुलाच्या कामातला पर्यायी रस्ता पावसात का वाहून जातो?

मांजरा नदी पाटोदा तालुक्यातच बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते. इथं उतार मोठा, त्यामुळे ओढ्यांना पाणी येतं ते एकदम. जुना पूल पाडला की शेजारी ओढ्यात सिमेंटचे पाइप टाकून वर मुरूम पसरतात. झाला पर्यायी रस्ता!

आता हिशोब बघा. १ मीटर व्यासाच्या पाइपाचं तोंड ०.७८५ चौरस मीटर, चारांचं मिळून सुमारे ३.१. समजा पूल ३० मीटर लांब आणि ३ मीटर उंच आहे. त्याखाली पाण्याला ९० चौरस मीटर वाट मिळते. जवळजवळ तीसपट! त्यात पाइपात बाभळीच्या फांद्या अडकल्या की रस्त्याचा बंधाराच होतो. पाणी वरून उलटतं, खालच्या अंगाचा मुरूम सुटतो, मग पाइपही जातात.

बीड-अहिल्यानगर रेल्वेला ही अडचण नव्हती. तालुक्यातल्या अमळनेरवरून जाणारा तो मार्गच नवा. पूल आधी, गाडी नंतर. १७ सप्टेंबर २०२५ला बीडहून गाडी सुटली. रस्त्यावरची एसटी मात्र थांबवता येत नाही. म्हणून माझ्या मते नवा पूल बाजूला बांधावा आणि तोवर जुना ठेवावा. जागाच नसेल, तर काम दिवाळीनंतर लगेच सुरू करून जूनआधी स्लॅब पडायला हवा.