कळसूत्री माणसे : लिटल बॅले ट्रूपची नृत्यशैली

नृत्याला भाषेची अडचण नसते, असे विधान सर्रास केले जाते. वस्तुस्थिती इतकी सोपी नाही. भरतनाट्यमातील पदाचा अर्थ ज्यास ठाऊक नाही, त्यास नर्तकीच्या हस्तमुद्रांचे सौंदर्य जाणवते. परंतु त्या मुद्रा नेमके काय सांगत आहेत हे उमगत नाही. कथकमधील गतभावाची गोष्टही याहून फारशी निराळी नाही. जाणकार प्रेक्षक मिळाला तर ही नृत्ये फुलतात, आणि जाणकारी ही बहुधा शिक्षणाने वा घरातील संस्काराने येते.

हा प्रश्न पीथमपूरसारख्या ठिकाणी विशेष तीव्रतेने जाणवतो. धार जिल्ह्यातील ही औद्योगिक नगरी १९८० नंतरच्या काळात वाढली. वाहने, यंत्रसामग्री व औषधे तयार करणाऱ्या येथील कारखान्यांत निरनिराळ्या प्रांतांतून आलेली माणसे काम करतात. माळवी, निमाडी, भिली, हिंदी आणि मराठी या भाषा एकाच रस्त्यावर कानी पडतात. अशा संमिश्र प्रेक्षकसमुदायापुढे, त्याला परके न वाटणारे आणि तरीही कलादृष्ट्या सकस असे नृत्य कोणते ठेवावे, याचा विचार सांस्कृतिक कार्य करणाऱ्यांना करावाच लागतो. याच राज्यात, भोपाळ येथे स्थिरावलेल्या एका संस्थेने हा प्रश्न फार पूर्वी हाती घेतला आणि त्याचे एक अभिनव उत्तर शोधले. ती संस्था म्हणजे 'रंगश्री लिटल बॅले ट्रूप' होय. तिच्या शैलीचा परिचय करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

संस्थेची स्थापना १९५२ मध्ये मुंबईत झाली. संस्थापक शांती बर्धन यांचा जन्म १९१६ साली, आज बांगलादेशात असलेल्या कोमिल्ला येथे झाला. मणिपुरी व त्रिपुरा भागातील नृत्ये त्यांनी आत्मसात केली होती. पुढे उदय शंकर यांच्या अल्मोडा येथील संस्कृती केंद्रात ते दाखल झाले. या केंद्राचे महत्त्व ध्यानात घेतल्यावाचून पुढील इतिहास कळणार नाही. तेथे कथकळी, मणिपुरी आणि भरतनाट्यम् यांचे गुरू एकत्र नांदत होते, तर संगीताची बाजू मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडे होती. कोणतीही एक परंपरा तशीच्या तशी न उचलता, शरीराच्या हालचालींपासून नवी रचना बांधण्याचा धडा विद्यार्थ्यांना तेथे मिळाला. केंद्र अल्पायुषी ठरले, परंतु त्यातून बाहेर पडलेल्या कलावंतांनी पुढील दोन पिढ्यांचे आधुनिक भारतीय नृत्य घडविले. मुंबईत सचिन शंकर आणि दिल्लीत नरेंद्र शर्मा यांनी आपापल्या संस्था उभारल्या, त्याही याच प्रवाहातील होत.

केंद्र बंद पडल्यावर बर्धन मुंबईस आले आणि भारतीय जननाट्य संघाच्या, म्हणजे सर्वांच्या परिचयाच्या 'इप्टा'च्या, अंधेरी येथील मध्यवर्ती पथकाचे नृत्यदिग्दर्शक झाले. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाने देश हादरलेला होता. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांची शाहिरी ज्या चळवळीच्या वातावरणात घुमत होती, त्याच वातावरणात हे पथक नृत्यातून दुष्काळाची व स्वातंत्र्याची कथा सांगत गावोगाव फिरले. पुढे पंडित नेहरूंच्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' या ग्रंथावर आधारित भव्य नृत्यनाट्यही बर्धन यांनी रचले. त्याचे संगीत रविशंकर यांचे होते.

भव्यतेच्या या वाटेवरून बर्धन एकाएकी लहानशा बाहुल्यांकडे का वळले? त्यांना क्षयाने ग्रासले होते आणि एक फुप्फुस त्यांनी गमावले होते. येथे देवासच्या रसिकांना पंडित कुमार गंधर्वांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९४८ मध्ये क्षयाची बाधा घेऊनच कुमारजी माळव्याच्या हवेसाठी देवासला आले आणि अनेक वर्षांच्या सक्तीच्या मौनानंतर नवे गाणे घेऊन उभे राहिले. दोघांचे आजारपण जवळपास एकाच काळातील आहे. मात्र कुमारजींच्या छोट्या, झेपावणाऱ्या तानांचा उगम केवळ अधू फुप्फुसात शोधणे जसे उथळपणाचे आहे, तसेच बर्धन यांच्या बाहुल्यांना आजाराचे अपत्य ठरविणेही योग्य नव्हे. आजाराने त्यांना थांबविले; थांबल्यावर काय पाहायचे, हे त्यांच्या दृष्टीनेच ठरविले.

१९५३ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'रामायण' या नृत्यनाट्यात सर्व पात्रे कळसूत्री बाहुल्या आहेत. फरक इतकाच की त्या लाकडाच्या नसून जिवंत नर्तक आहेत. जत्रेत बाहुल्यांचा खेळ मांडला जातो, लोक भोवती जमतात आणि रामकथा सुरू होते, अशी ही कल्पना आहे. नर्तकांच्या चेहऱ्यावर मुखवटे असतात, वेशभूषा कोनाकोनांची व ताठर असते. नर्तक बोलत नाहीत. कथा पुढे नेण्याचे काम संगीत करते.

ही केवळ गंमत नव्हे हे ध्यानात येण्यासाठी बाहुलीचे शरीर कसे असते ते पाहिले पाहिजे. राजस्थानी कठपुतळीचे डोके व धड लाकडाचे, हात कापडात भरलेले आणि पायांच्या जागी लांब घागरा असतो. दोरा डोक्याला, कमरेला व हातांना बांधलेला असतो. सूत्रधाराने बोट उचलले की प्रथम धड उचलले जाते, हात मागाहून लोंबकळत येतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यात पिंगुळी येथील ठाकर समाजाने जतन केलेल्या कळसूत्री बाहुल्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांच्याही लक्षात आले असेल की बाहुली कधीच स्वतःहून हालत नाही. तिला कोणीतरी हालवते. माणसाच्या हालचालीचा उगम आत असतो, बाहुलीच्या हालचालीचा बाहेर. नर्तकाने बाहुली व्हायचे म्हणजे वर्षानुवर्षे कमावलेला हा आतला उगम लपवायचा आणि आपल्या हातास अदृश्य दोरा खेचत आहे असा भास प्रेक्षकांना करून द्यायचा. यासाठी स्नायूंवर विलक्षण ताबा लागतो. शरीर झटक्याने निघाले पाहिजे, ठरलेल्या बिंदूवर तत्काळ थांबले पाहिजे आणि थांबल्यावर किंचितही डळमळता कामा नये. ज्यांना हा प्रकार सोपा वाटतो त्यांनी घरातील आरशासमोर दोन मिनिटे करून पाहावा.

याहून मोठा त्याग चेहऱ्याचा आहे. आपल्या शास्त्रीय नृत्यात रसाचे मुख्य स्थान नेत्र व मुख हे होय. मुखवटा घातला की हे साधन संपते. उरते काय? मानेचा कल, दोन आकृत्यांमधील अंतर, हालचालीची गती आणि स्तब्धतेचा काळ, एवढेच. शोक दाखवायचा तर डोळ्यांत पाणी आणता येत नाही. सबंध धड हळूहळू एका बाजूस झुकवावे लागते. क्रोधासाठी भुवई नाही, तर झटक्यांची गती आहे. अशा वेळी प्रेक्षक मुखवट्यावर स्वतःच भाव पाहू लागतो. तोच कोरीव चेहरा एका प्रसंगात करुण वाटतो आणि दुसऱ्या प्रसंगात उग्र भासतो. मुद्रांची परिभाषा न शिकलेला कामगार आणि नाट्यशास्त्राचा अभ्यासक येथे एकाच पायरीवर येऊन बसतात.

कथेची निवडही विचारपूर्वक केलेली आहे. रामकथा सर्वांस ठाऊक असल्याने 'पुढे काय झाले' हे सांगण्यात नृत्याची शक्ती खर्ची पडत नाही. शिवाय माणूस हा कोणाच्या तरी हातातील बाहुले आहे, ही कल्पना संतवाङ्मयापासून आपल्या परिचयाची आहे. वचनांनी व शापांनी बांधलेल्या पात्रांची ही कथा दोऱ्यांवर नाचताना पाहणे, यात अर्थाचा एक वेगळा पदर आपोआप उलगडतो.

बर्धन यांची दुसरी रचना 'पंचतंत्र' ही मित्रलाभाच्या कथेवर आधारलेली आहे. कावळा, उंदीर, कासव व हरिण यांच्या मैत्रीची ही गोष्ट. येथे दोरा नाही. पशुपक्ष्यांच्या चालीतून नृत्य काढलेले आहे. ही रचना पूर्ण होण्यापूर्वीच १९५४ मध्ये बर्धन यांचे निधन झाले. सहकाऱ्यांनी ती पूर्णत्वास नेली.

येथून या संस्थेचा खरा कसोटीचा काळ सुरू होतो. नाटककार गेला तरी संहिता उरते. नृत्याला तशी संहिता नसते. पाश्चात्त्य देशांत लाबान यांच्या पद्धतीने १९२८ पासून नृत्यलेखनाचे प्रयत्न झाले, परंतु आपल्याकडे रचना शरीरातून शरीरात जाते. जुन्या नर्तकाने नव्या नर्तकास शिकविले तर ती टिकते, एरवी ती नाहीशी होते. बर्धन यांच्या पत्नी गुल बर्धन आणि सहकारी प्रभात गांगुली यांनी हे दायित्व पत्करले. संस्था १९६४ मध्ये मुंबई सोडून ग्वाल्हेरला आली आणि १९८४ च्या सुमारास भोपाळला. संस्थापक हयात नसताना दोनदा बिऱ्हाड हलवूनही मूळ रचना जिवंत ठेवणे, हे या मंडळींचे मोठेच कर्तृत्व म्हटले पाहिजे. त्यांनी नव्या रचनाही केल्या, दौरे केले, देशविदेशांत 'रामायण' नेले. गुल बर्धन यांना २०१० मध्ये पद्मश्री हा सन्मान मिळाला आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

या जतनात बाहुल्यांच्या शैलीने एक उपकार केला आहे आणि एक धोकाही निर्माण केला आहे. हालचाल कोनयुक्त, थांबे निश्चित आणि दिशा ठळक असल्यामुळे ती दुसऱ्यास बरीच अचूक शिकविता येते. लयदार, वळणांच्या नृत्यात पिढीगणिक जो फरक पडतो, तो येथे कमी पडतो. परंतु याच कारणाने ती पाठांतराने करणे सोपे जाते. दोरा खेचला जात असल्याचा आतला भास नर्तकाच्या मनातून गेला, तर बाहेरून सर्व हालचाली बरोबर असूनही माणूस बाहुली न राहता केवळ यंत्र होतो. बाहुली आणि यंत्र यांतील हे अंतर चित्रफितीत पकडता येत नाही. मूळ तालमी ज्यांनी पाहिल्या त्यांच्या हाताखाली शिकलेल्या नर्तकांकडून पुढील पिढीने शिक्षण घेणे, हाच त्यावरील उपाय आहे. मुखवटे व वेश यांची डागडुजी करणाऱ्या कारागिरांचीही गणना यात करावयास हवी. मुखवट्याचा कल थोडा बदलला तरी त्यावरचा भाव बदलतो.

माळव्यातील शाळा व कामगार कल्याण केंद्रे यांना या शैलीचा उपयोग करून घेण्यास बराच वाव आहे. अवजड नेपथ्याची त्यात गरज नाही. रंगमंच मात्र समतल व पुरेसा रुंद हवा, कारण रचना आडव्या ओळींची असते आणि बाहुल्या समोरून वा बाजूने पाहावयाच्या असतात. प्रेक्षकांस तिन्ही बाजूंनी बसविल्यास अर्ध्या लोकांना नर्तकांच्या पाठी तेवढ्या दिसतील. प्रकाश समोरून व सौम्य असावा. तीव्र प्रकाशात मुखवटे सपाट दिसतात. मुलांना शिकविताना प्रथम खरी कठपुतळी त्यांच्या हाती द्यावी, दोरा ओढू द्यावा, आणि मगच त्यांना उभे करावे.