ग्राहक कायद्याआधीचा दावा

डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातील विश्वास ओसरल्याचे खापर वैद्यकीय वर्तुळात बहुधा ग्राहक संरक्षण कायद्यावर फोडले जाते. 1986 चा हा कायदा वैद्यकीय सेवेलाही लागू होतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये दिला आणि तेव्हापासून रुग्णाचे गिऱ्हाईक झाले, अशी ही तक्रार आहे. सर्वांनाच मोफत सेवा देणारी रुग्णालये त्याच निकालाने कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली, हे सांगायचे मात्र सहसा राहून जाते. वस्तुतः भारतातील वैद्यकीय निष्काळजीपणाविषयीच्या कायद्याचा पाया घालणारा दावा या निकालाच्या कितीतरी आधीचा असून त्यातील वादी स्वतःच डॉक्टर होते.

मे 1953 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर सुमारे वीस वर्षांच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावात फळ्या बांधून पाय स्थिर करण्यात आला आणि पुढे त्याला मोटारीने पुण्यास आणण्यात आले. तेथील शल्यचिकित्सकाने भूल न देता, केवळ मॉर्फियाच्या इंजेक्शनावर, तीन मदतनिसांच्या साहाय्याने जोर लावून हाड बसवण्याचा प्रयत्न केला आणि त्याच रात्री तो तरुण दगावला. दौंड येथे वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या त्याच्या वडिलांनी 15,000 रुपयांच्या भरपाईचा दावा लावला, त्यातील 3,000 रुपये मंजूर झाले आणि सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये तो निर्णय कायम केला. पंधरा वर्षांच्या लढ्याच्या मानाने ही रक्कम तुटपुंजीच म्हणावी लागेल. परंतु रुग्ण हाती घ्यावा की नाही, त्याला कोणता उपचार द्यावा आणि तो कसा करावा, या तिन्ही टप्प्यांवर वाजवी काळजी घेणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे, हे त्या निकालाने स्पष्ट केले.

'वाजवी काळजी' म्हणजे सर्वोत्कृष्ट तज्ज्ञाचे कौशल्य नव्हे, तर त्या शाखेतील सर्वसाधारण जाणकार डॉक्टरकडून अपेक्षित असलेली दक्षता. म्हणूनच उपचार फसला किंवा रुग्ण दगावला एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. फौजदारी गुन्ह्यासाठी तर निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो आणि पोलिसांनी कारवाईपूर्वी स्वतंत्र वैद्यकीय अभिप्राय घ्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये बजावले. डॉक्टरांना मिळालेले हे संरक्षण रास्तच आहे. अन्यथा गुंतागुंतीची शस्त्रक्रिया करण्यास कोणी धजावणार नाही.

विश्वासाला तडा जातो तो पुष्कळदा चुकीपेक्षा तिच्याभोवती पाळल्या जाणाऱ्या मौनाने. दाखल होताना घाईघाईने सही घेतलेला छापील अर्ज म्हणजे संमती, असा समज अजूनही रूढ आहे. केवळ दुर्बिणीतून तपासणीसाठी संमती दिलेल्या एका महिलेचे गर्भाशय व बीजांडकोश भुलेखाली असतानाच काढून टाकण्यात आले, त्या प्रकरणात 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जिवावरचा प्रसंग नसेल तर तपासणीची संमती शस्त्रक्रियेला चालत नाही, मग डॉक्टरचा हेतू कितीही चांगला असो. नोंदींचेही तसेच आहे. 2002 च्या व्यावसायिक आचारनियमांनुसार दाखल रुग्णाचे कागदपत्र उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे आणि रुग्णाने मागितल्यास 72 तासांत देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. तरीही पुष्कळ कुटुंबांना या तरतुदीची माहिती मिळते ती वकिलाची पायरी चढल्यावरच.